लग्नातले दात

३ एप्रिल

स्वयंपाकघरातली खुर्ची आज पुन्हा हलवली. खिडकीजवळ ठेवली तर वारा लागतो, गॅसजवळ ठेवली तर समुद्र दिसत नाही. शेवटी होती तिथेच नेऊन ठेवली. विल्फ असता तर म्हणाला असता, "नॉर्मा, त्या खुर्चीलाच विचार ना एकदा, तिला कुठं बसायचंय ते."

माझा नवरा, तो गेला ऑक्टोबरात. सहाचा चहा झाला की आम्ही दिवसभराचं बोलून घ्यायचो. आता त्या वेळी बोलायला कुणी नाही आणि हात रिकामे राहतात, म्हणून ही वही.

दारातून एक पत्रक आलं. आमच्या भागातल्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायचा सरकारचा विचार आहे, मुलांचे दात किडू नयेत म्हणून. जुलैअखेरपर्यंत मत कळवा म्हणतात. मी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. मुलांचे दात किडू नयेत हे मलाही वाटतं. पण पाणी प्रत्येकाला प्यावंच लागतं. नको म्हणायची सोय नाही. दुसऱ्याच्या तोंडात काय जावं हे परस्पर ठरवणारे हे कोण?

शेजारचा डेस संध्याकाळी आला. बस चालवायचा, आता निवृत्त आहे, आणि निवृत्त झाल्यापासून त्याला रोज एक नवा लढा लागतो. मागच्या वर्षी कचऱ्याच्या डब्यांचा होता.

"नॉर्मा, तू वाचणारी बाई," तो म्हणाला. "आम्ही बोललो तर लोक म्हणतात, आला डेस. तू बोललीस तर ऐकतील."

"सभा आहे का?"

"जूनमध्ये. खाणकामगारांच्या हॉलमध्ये."

मी हो म्हटलं. करायला काहीतरी झालं.

५ एप्रिल, शुक्रवार

कॉनी आली आहे. शुक्रवारी माझा मुलगा स्टुअर्ट लॉरी घेऊन दक्षिणेला गेलेला असतो आणि सुनेची, जेमाची, गोदामात रात्रपाळी असते, त्यामुळे नात माझ्याकडे झोपते. सहा वर्षांची आहे आणि तोंडाला कुलूप नाही.

"आजी, आमच्या बाई म्हणाल्या की देवमाशाचं हृदय गाडीएवढं असतं. मग त्याला दुःख झालं तर केवढं होत असेल?"

मी म्हटलं, बसएवढं. तिला पटलं.

आंघोळ, दात घासणं, मग आजोबांची गोळी. विल्फच्या खिशात पेपरमिंटच्या त्या काळ्या गोळ्या कायम असायच्या. इथल्या जुन्या माणसांच्या सगळ्यांच्याच खिशात असतात. माझे वडील खाणीत उतरताना धुळीसाठी न्यायचे. विल्फ गोदीत क्रेन चालवायचा, तिथे चघळायचा. कॉनी झोपायला लागली की तो डबी खडखड वाजवायचा आणि ती "एक, एकच!" म्हणून हात पुढे करायची. तो गेल्यावर पहिल्या शुक्रवारी तिने माझ्यापुढेही तसाच हात केला. मी डबी वाजवली.

ती फोटोकडे बघत गोळी गालात धरून पडते. दातांवर गोळी फिरल्याचा बारीक आवाज येतो, मग हळूहळू थांबतो. मी दाराशी उभी राहते. आठवड्यात तेवढीच वेळ अशी असते की मला कुठे जावंसं वाटत नाही.

११ एप्रिल

वाचनालय. पाण्यावरची दोन पुस्तकं आणि दातांवरचं एक आणलं. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, पण वाचन सुटलं नाही. जो शब्द अडतो तो समासात पेन्सिलीने लिहिते आणि परत देताना खोडते.

सह्या गोळा करायला डेस आणि मी जे पत्रक घेऊन फिरतो त्यात त्याने लिहिलंय, फ्लोराइड उंदराच्या विषातही असतं. पुस्तकात म्हटलंय की मीठसुद्धा ओंजळभर खाल्लं तर माणूस मरेल, प्रश्न किती घ्यायचं याचा असतो. मी डेसला म्हटलं, उंदीर काढून टाक. तो म्हणाला, "उंदरामुळेच तर लोक वाचतात." खरं आहे म्हणा. तरीही मी काढायला लावला.

माझा मुद्दा साधा आहे. विचारा. आमचं तोंड आहे, आम्हाला विचारा.

आणि विल्फचं उदाहरण द्यायचं ठरवलं आहे. ऐंशीव्या वर्षी त्याच्या तोंडात स्वतःचे दात होते. सुतळी दातांनी तोडायचा, बाटलीचं झाकण दातांनी उघडायचा. मी ओरडायचे, तर उघडून दाखवायला अजून एक बाटली आणायचा. अंत्यविधीसाठी त्याला न्यायला आलेला माणूससुद्धा हळूच म्हणाला होता, या वयात असे दात मी फार पाहिले नाहीत. जन्मभर गोळ्या चघळल्या, एक दात किडला नाही. इथून बसने अर्ध्या-पाऊण तासावरच्या हार्टलपूलचं साधं पाणी पिऊन वाढला. त्या पाण्यात कुणी काय मिसळलं होतं?

मी बोलू नये. माझी कवळी आहे. वीस वर्षांची असताना, लग्नाआधी महिनाभर, वडिलांनी सगळे दात काढवून कवळी करून दिली. तीच लग्नाची भेट. पुढे दातांचा खर्च नवऱ्यावर पडू नये म्हणून मुलींना तेव्हा असं देत. माझ्या आईलाही तिच्या वडिलांनी दिली होती. माझे चार-पाच किडले होते, बाकीचे चांगले होते. शनिवारी सकाळी गेले आणि दुपारी तोंडाला रुमाल लावून बसने परत आले. त्यात विशेष काही नव्हतं. गल्लीत आणखी दोघींचं तसंच झालं.

विल्फने मला कधी दातांशिवाय पाहिलं नाही. दिवा मालवल्यावर काढायचे, तो उठायच्या आत लावायचे. आता तो नाही, तरी दिवा मालवल्यावरच काढते. सवय.

१९ एप्रिल, शुक्रवार

कॉनीने उजव्या बाजूने खाणं सोडलं आहे. मासा आणि बटाट्याचे तुकडे तिला इतके आवडतात, पण आज सगळं डाव्या गालात ढकलत होती. विचारलं तर म्हणाली, "ती बाजू सुट्टीवर आहे." गोळीही डावीकडेच ठेवली.

२३ एप्रिल

जेमाचा फोन. कॉनी दोन रात्री रडते आहे, गाल सुजलाय. जेमा सकाळपासून दातांच्या दवाखान्यांना फोन करते आहे. सरकारी दरात नवीन रुग्ण कुणीच घेत नाही. एका ठिकाणी म्हणाले, यादीत नाव घालतो, दोन वर्षं लागतील.

"दोन वर्षांनी तिला दात असतील का, असं मी विचारलं," जेमा म्हणाली. "ती बाई म्हणाली, दुधाचे नसतील."

मी हसले, मग फोन ठेवल्यावर बसवेना. जिना पुसला. मग तो स्वच्छच होता असं लक्षात आलं.

जेमा मला आवडते. कामाची आहे, तोंडावर बोलते. तिला वाटतं मला ती आवडत नाही. हे तिला कसं सांगायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

२ मे

डार्लिंग्टनला एक दवाखाना मिळाला. तिघी गेलो. डॉक्टरीणबाई पोर्तुगालच्या, तरुण, हात हळुवार. कॉनीला खुर्ची वरखाली करून दाखवली, मग तोंडात बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

त्यांनी विचारलं, "रात्री दात घासल्यावर काही गोड खाते का?"

"छे!" मी म्हटलं. "माझ्याकडे तरी नाही. घासल्यावर दूधसुद्धा देत नाही मी."

कॉनीचं तोंड उघडंच होतं, तरी ती बोलली. "आजोबांची गोळी!"

"ती पेपरमिंटची असते," मी सांगितलं. "तोंड साफ राहतं त्याने."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "रोज?"

"शुक्रवारी आजीकडे," कॉनी म्हणाली. "बाकीच्या दिवशी उशीखालच्या डबीतली. ती मला आजीने भरून दिलीय. आजोबा गेल्यावर झोप येत नव्हती ना, म्हणून."

जेमाने माझ्याकडे बघितलं. ते तिला सांगायचं राहून गेलं होतं. अंत्यविधीच्या गडबडीत दिली होती मी ती डबी, आणि नंतर दर शुक्रवारी भरत गेले. गोळी तर आहे, औषध नाही की विष नाही.

सहा दात काढावे लागतील. भूल देऊन, इस्पितळात. तिथेही यादी आहे.

परतताना गाडीत कॉनी झोपली. मग जेमा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "नॉर्मा, पाण्यात काय मिसळणार यावर तुम्ही गावभर सह्या गोळा करत फिरता. आणि माझ्या पोरीच्या तोंडात रोज रात्री काय जातं, ते मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "विल्फने जन्मभर खाल्ल्या. त्याला काय झालं?"

"विल्फचं मला माहीत नाही. कॉनीचे सहा जाणार आहेत."

मग घराजवळ आल्यावर म्हणाली, "शुक्रवारचं मी दुसरं काहीतरी बघते आता."

ती दमलेली होती. रात्रपाळी करून आली होती.

१० मे, शुक्रवार

कॉनी नाही. तिच्या वर्गातल्या मुलीच्या घरी गेली आहे.

तिचा पलंग घातला, मग काढला. किनाऱ्यावर जाऊन आले. ओहोटी होती, वाळूत अजून कोळशाची काळी रेघ येते. कुत्रे फिरवणारी माणसं सगळी नमस्कार करतात आणि "कशी आहेस, नॉर्मा?" विचारतात, पण कुत्रं थांबत नाही, त्यामुळे त्यांनाही थांबता येत नाही.

डेस आला होता. सभेची तारीख ठरली. "तुझं ते विल्फचं सांगशील ना? ऐंशी वर्षं, साधं पाणी, पोलादी दात! लोक टाळ्या वाजवतील बघ."

सांगेन म्हटलं.

१४ मे

रात्रीची गोळी आणि दात यांचं त्या तिसऱ्या पुस्तकात एक पान आहे. झोपेत लाळ कमी होते, साखर तशीच बसून राहते. मी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं, भांडी घासली, मग परत येऊन वाचलं. साखरेचं ठीक. पण मग विल्फचं काय? पुस्तकात विल्फचा हिशेब लागत नाही.

२१ मे

लागला.

पाण्यावरचं दुसरं पुस्तक परत देण्याआधी मी मागून चाळत होते, वाचनालयातच, कपाटापाशी उभी राहून. शेवटी गावांची नावं दिलेली असतात त्यात हार्टलपूल दिसलं. मला बरं वाटलं, ओळखीचं माणूस भेटावं तसं. ते पान काढलं.

तिथलं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं आणि त्यात फ्लोराइड मुळातच आहे. सरकार जेवढं मिसळू म्हणतं तेवढं, किंबहुना थोडं जास्तच. कुणी मिसळलेलं नाही, पण आहे. पूर्वी डॉक्टरांनी तिथल्या मुलांचे दात पाहिले होते, शेजारच्या गावांतल्या मुलांपेक्षा कितीतरी चांगले निघाले. शेजारची गावं म्हणजे आम्ही.

मी तशीच उभी होते. वाचनालयातली मुलगी विचारायला आली, "नॉर्मा, बसायला खुर्ची आणू का?" मी म्हटलं, खुर्चीचं माझं जमत नाही हल्ली.

२२ मे

काही सुचेना म्हणून बसने हार्टलपूलला गेले. विल्फचं घर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली आहे. कोपऱ्यावर चहाचं दुकान आहे, तिथे बसले.

"काय देऊ, आजी?" पोरगी म्हणाली.

"पाणी. नळाचं."

"नुसतं?"

"नुसतं."

"बाटलीतलं आहे थंडगार."

"बाटलीतलं नको. नळाचंच पाहिजे मला."

तिने मागे कुणाकडे तरी पाहून भुवया उडवल्या आणि आणून दिलं. लाज वाटून मी एक बनही मागवला. पाणी पाण्यासारखंच लागलं. लग्नानंतर विल्फ आमच्याकडे राहायला आला तेव्हा पहिले काही महिने म्हणायचा, तुमच्याकडच्या चहाला चव नाही. मला राग यायचा. मला वाटायचं माझ्या चहाला म्हणतोय.

सगळं आयुष्य आम्ही एका किनाऱ्यावर काढलं, बसने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर जन्मलो. त्याचे दात टिकले, माझे भेट म्हणून गेले. आणि मी हे त्याच्या चांगल्या स्वभावासारखंच काहीतरी समजत होते, त्याचं स्वतःचं.

२८ मे

डेसला पान दाखवलं. त्याने चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला.

"हे बोलू नकोस," तो म्हणाला.

"मी विल्फचं बोलणार होते."

"विल्फचं बोल. खडकाचं बोलू नकोस."

"डेस, विल्फ त्या खडकाचंच पाणी प्यायला."

"अगं, पण ते निसर्गाने दिलेलं! हे सरकार देणार. फरक आहे की नाही?"

फरक आहे. विचारण्याचा आहे. खडकाने कुणाला विचारलं नाही, पण खडकाला विचारता येत नव्हतं. सरकारला येतं. एवढा फरक मला दिसतो. दातांना तो दिसतो का, ते कळत नाही.

६ जून

सभा. हॉल बऱ्यापैकी भरला होता. गरोदर बाया, म्हातारी माणसं, मागे चार पोरं बिस्किटांसाठी आलेली. आरोग्य खात्याकडून आलेल्या माणसाने भिंतीवर चित्रं दाखवली, लोकांनी त्याला नीट बोलू दिलं नाही. एक बाई म्हणाली, "आमच्या पोरांचे दात खराब म्हणजे आम्ही आया वाईट, असंच ना?" त्याने तसं म्हटलं नव्हतं. पण तिला तसं ऐकू यायचं कारण होतं, मला ते समजलं.

माझी पाळी आली. कागद नेला होता, तो पिशवीतून काढलाच नाही.

मी म्हटलं, "विल्फला तुम्ही सगळे ओळखत होता. त्याचे दात तुम्ही पाहिलेत. निम्म्या लोकांच्या बाटल्या त्याने उघडून दिल्यात." लोक हसले. "साधं पाणी पिऊन असे दात राहतात, असं मी आज सांगणार होते. ते खरं नाही. तो ज्या पाण्यावर वाढला त्यात हेच होतं, खडकातून आलेलं. मी ते वाचलं, म्हणून सांगते. माझ्या तोंडून तुम्ही चुकीचं ऐकून जाऊ नये."

डेसने डोक्याला हात लावला.

"आपल्याला विचारायला हवं, हे मी अजूनही म्हणते. कुणाच्याही तोंडाचं परस्पर ठरवू नये. पण विचारल्यावर काय सांगायचं, ते मात्र मला आता पूर्वीसारखं ठाऊक नाही."

खाली बसताना मागून आमच्या गल्लीतली आयरीन ओरडली, "तुझं काय बाई, नॉर्मा! तुझे दात तर बघ कसे मोत्यांसारखे!" सगळा हॉल हसला. मीही हसले. दाखवायला दुसरं काय होतं?

१५ जून

डेस बोलत नाही. कचऱ्याचा डबा मात्र माझाही बाहेर ठेवतो, दर मंगळवारी, न बोलता.

गोळ्यांची मोठी पिशवी कपाटात होती. ती कचऱ्यात टाकली. मग वाटलं, विल्फने शेवटी आणलेल्या त्या. परत काढल्या. मग सगळ्या चिमण्यांच्या पाण्याच्या भांड्यात ओतल्या आणि विरघळेपर्यंत बघत बसले. फार वेळ लागतो. भांडं नंतर तीनदा धुतलं. डबी ठेवली आहे, रिकामी.

१९ जुलै

मत कळवायचा कागद भरला. सहमत की असहमत, दोनच चौकोन. मला तिसरा हवा होता. शेवटी सहमतवर खूण केली. खाली "आणखी काही सांगायचं असल्यास" म्हणून रेघा होत्या. तिथे लिहिलं, विचारल्याबद्दल आभार.

पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, परत आले, परत गेले. टाकला.

१२ सप्टेंबर

दमले आहे, पण लिहिलंच पाहिजे.

आज कॉनीचे दात काढायचे होते. मला बोलावलं नव्हतं. सकाळी आठच्या सुमारास जेमाचा फोन आला. मागे एक लांबलचक रडणं ऐकू येत होतं.

"खुर्च्यांच्या खाली जाऊन बसलीय," जेमा म्हणाली. "बाहेर येत नाही. स्टुअर्ट आणि मी सगळं करून बघितलं. भूल देणारे डॉक्टर म्हणतात, घाबरवून न्यायचं नाही, आज नाही झालं तर पुढची तारीख. पुढची तारीख म्हणजे कधी, देव जाणे. पू झालाय तिथे, नॉर्मा." मग जरा थांबून, "तुम्ही येता का?"

बस अर्ध्या तासाने होती. मी डेसचं दार वाजवलं. तो पायजम्यात होता.

"इस्पितळात नेतोस का?"

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," तो म्हणाला.

"बोलू नकोस. गाडी चालव."

त्याने चालवली. पायजम्यावरच कोट घालून. एका लाल दिव्याला मात्र राहवलं नाही त्याला. "खडकाचं बोललीस ना शेवटी," म्हणाला.

कॉनी कोपऱ्यातल्या खुर्च्यांखाली होती, इस्पितळाचा झगा घातलेली, दोन्ही हात तोंडावर. मी गुडघे टेकले. या वयात ते सोपं नाही.

"काय झालं, राणी?"

"माझे दात काढले की मी घाणेरडी दिसेन." हातांच्या आडून बोलत होती. "सगळे हसतील. कायमचे हसतील. तुला काय माहीत? तुझे तर कित्ती छान आहेत."

जेमा उभी होती, स्टुअर्ट उभा होता, एक नर्स, आणखी दोन आयाबाप त्यांच्या मुलांना घेऊन. मोठ्या खिडक्या, लख्ख उजेड. मला वाटलं आता उठावं आणि चालायला लागावं. गेले कित्येक महिने मी हेच करत आले आहे.

मी तोंडात बोट घातलं आणि दात काढले. आधी वरचे, मग खालचे. तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरले.

कॉनीचे हात खाली आले. तिने दात बघितले, मग माझं तोंड बघितलं. खूप वेळ बघितलं. मला तोंड मिटून घ्यायचं होतं, पण मी मिटलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "तू कासवासारखी दिसतेस."

"हो ना?" मी म्हटलं. दातांशिवाय मला नीट बोलता येत नाही, थुंकी उडाली. ती खुदकन हसली.

"तुझे पण काढले? सगळे?"

"सगळे."

"दुखत होते?"

"थोडे. बाकीचे चांगले होते."

"मग का काढले?"

"माझ्या वडिलांनी ठरवलं."

तिने त्यावर विचार केला. "तुला विचारलं नाही?"

"नाही."

"मला विचारलं त्या डॉक्टरांनी," ती म्हणाली. "म्हणाले, तू हो म्हटल्याशिवाय नाही." मग खुर्च्यांखालून रांगत बाहेर आली, झगा सावरला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "हो. पण मी उठेपर्यंत आजीने दात लावायचे नाहीत. म्हणजे आम्ही दोघी सारख्या."

"लावायचे नाहीत," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "ऐकलंत ना, आजी?"

ती चालत गेली आत, जेमाचा हात धरून.

मी कागदी पेल्यात दात ठेवून त्या बाकावर बसले. माणसं जात-येत होती. स्टुअर्ट माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. पंचेचाळीस वर्षांचा माझा मुलगा. "आई," शेवटी म्हणाला, "मला माहीतच नव्हतं." डेस पायजम्यात चहा घेऊन आला, मला बघितलं, चहात बिस्किट बुडवून मऊ केलं आणि हातात दिलं.

जेमा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. माझ्या शेजारी बसली. मी तिला डबीबद्दल काहीतरी सांगायला लागले, पण शब्द नीट येईनात आणि थुंकी यायला लागली. तिने पर्समधून रुमाल काढून माझी हनुवटी पुसली. लहान मुलाची पुसतात तशी.

"तिचा ब्रश मी शुक्रवारी पाठवू," ती म्हणाली, "की तुमच्याकडे एक वेगळा ठेवायचा?"

२० सप्टेंबर, शुक्रवार

कॉनी आली आहे. हसली की दोन्ही बाजूंना बोगदे दिसतात. शाळेत कुणी हसलं नाही. उलट दोन मुलांनी बोट घालून बघायची परवानगी मागितली आणि तिने एकालाच दिली.

बेसिनपाशी दोघींनी दात घासले. तिने तोंडातले, मी हातातले. "तुझं किती सोपं आहे," म्हणाली. "मागून पण घासता येतात."

पलंगावर पडल्यावर तिने हात पुढे केला. मी म्हटलं, गोळ्या संपल्या, बाळा.

"माहितीय," ती म्हणाली. "डबी दे."

मी कपाटातून दिली. तिने दप्तरातून इस्पितळाचं छोटं पाकीट काढलं आणि तिचे सहा दात एकेक करून डबीत टाकले. परीसाठी उशीखाली ठेवायचे नाहीत का, मी विचारलं. परी एका दाताचा एक पौंड देते. सहाचे सहा मिळाले असते.

"परीला कशाला?" ती म्हणाली. "आजोबांना."

झाकण लावलं आणि फोटोकडे तोंड करून तिने डबी वाजवली. खडखड. मी दारात उभी होते. विल्फ, आवाज अगदी तोच होता.